मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतला विज्ञानसंवाद: शोधनिबंध हातात येण्यापासून बातमी छापून येईपर्यंत

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी विज्ञानसंवादाचं काम हाती घेतलं की एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. इथला विषय प्रत्येकाच्या घरातला आहे. कृष्णविवरांवरचा लेख वाचून कुणी म्हणत नाही की 'माझा अनुभव वेगळा आहे'. पण झोप, राग, विसरभोळेपणा, एकटेपणा, मुलांचं वाढणं यांवर दोन ओळी लिहिल्या की वाचणारा त्या लगेच स्वतःला, नवऱ्याला, मुलाला लावून बघतो. त्या दोन ओळींच्या भरवशावर कुणी चालू उपचार थांबवतं, कुणी मुलाच्या स्वभावावर कायमचा शिक्का मारतं. म्हणून या कामात छान लिहिता येण्याच्याही आधी एक जबाबदारी येते. अभ्यास जेवढा आहे, तेवढाच दावा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जाऊ द्यायचा. हे काम मी बरीच वर्षं करते आहे आणि पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी त्या एकाच गोष्टीसाठी आहे.

पहिला महिना: लिहू नका, बसा

नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, 'आपली वेबसाइट जुनी झालीये, तेवढी बघा.' नम्रपणे महिनाभराची मुदत मागून घ्या. त्या महिन्यात प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीला मागे बसा आणि संशोधक कशावरून वाद घालतात ते ऐका. त्यांना ज्या गोष्टीची खात्री वाटत नाही ती तिथे उघडपणे बोलली जाते. शोधनिबंधात तीच गोष्ट एका ओळीत आवरलेली असते.

शक्य असेल त्या प्रत्येक प्रयोगात स्वतः सहभागी म्हणून बसा. अंधारलेली लहान खोली, हनुवटी टेकवायला पट्टी, पडद्याच्या मधोमध एक बारीक फुली. फुलीनंतर बाण येतो, डावीकडे असेल तर एक बटण, उजवीकडे असेल तर दुसरं. असं चारशे वेळा. दीडशेच्या पुढे डोळे चुरचुरतात, मन भरकटतं, चुकीचं बटण दाबलं जातं आणि पडद्यावर लाल चौकट उमटते. एकदा या खोलीत बसून आलात की 'माणसाचं लक्ष आठव्या मिनिटाला विचलित होतं' असं वाक्य तुमच्या हातून सहज उतरणार नाही. ते बाण आणि ती बटणं आठवतील, आणि वर्गातल्या किंवा गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल इथून किती बोलता येईल हा प्रश्न आपोआप पडेल.

संमतीपत्रंही नीट वाचा. सहभागी माणसाला आपण काय वचन दिलंय ते त्यात असतं आणि पुढे तुमच्या लिखाणालाही ते वचन लागू होतं. त्याच वेळी प्रत्येक संशोधकाला एक प्रश्न विचारा: 'तुमच्या कामाबद्दल लोकांनी कोणता गैरसमज करून घेऊ नये असं तुम्हाला वाटतं?' या उत्तरांची वही मला पुढे अनेक वर्षं पुरली.

आणखी एक यादी याच महिन्यात तयार करा: चालू असलेल्या अभ्यासांबद्दल काय बोलायचं नाही. पुष्कळ प्रयोगांत सहभागींना गृहीतक आधी माहीत असून चालत नाही. तुम्ही उत्साहाने वेबसाइटवर लिहिलंत की 'गटात बसल्यावर लोक चुकीच्या उत्तरालाही होकार देतात का, हे आम्ही सध्या तपासतोय', तर पुढच्या आठवड्यात येणारा सहभागी तेच वाचून येईल आणि महिन्यांची मेहनत वाया जाईल. सहभागी मिळवण्यासाठीच्या जाहिरातीचंही तसंच आहे. तिचा मजकूर नीतिविषयक समितीने मंजूर केलेला असतो. वाक्य रुक्ष वाटलं म्हणून परस्पर बदलायचं नाही, बदल समितीकडे पाठवायचा.

शोधनिबंध कसा वाचायचा

सुरुवातीच्या सारांशापासून शेवटच्या चर्चेपर्यंत सरळ वाचत गेलात तर लेखकांनी दाखवलेल्या वाटेनेच जाल. माझा क्रम वेगळा आहे. आधी पद्धतीचा भाग, मग आकडे आणि आलेख, मग मर्यादांचा परिच्छेद, आणि सारांश सगळ्यात शेवटी. पद्धत वाचून झाल्यावर थांबायचं आणि 'यातून जास्तीत जास्त काय म्हणता येईल?' ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. नंतर ते सारांशाशी ताडून बघायचं. दोन्हींत अंतर पडलं तर बोलायला जायची वेळ झाली आहे असं समजा.

वाचताना एक पानी टिपण भरायचं. सहभागी कोण होते, किती होते, त्यांना कुठून मिळवलं. नेमकं काय मोजलं आणि कशाने: लोकांनी स्वतः सांगितलं, की कुणी निरीक्षण केलं, की यंत्राने नोंदलं. कशाशी तुलना केली. लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटलं होतं, की ते आधीच वेगळे होते. फरक किती मोठा निघाला. अभ्यासाची पूर्वनोंदणी झाली होती का, म्हणजे आकडे हाती येण्याआधीच काय तपासणार हे लिहून ठेवलं होतं का. असाच अभ्यास आधी दुसऱ्या कुणी केलाय का आणि त्यांना काय मिळालं. पैसे कुणी दिले.

शेवटून दुसरा प्रश्न मानसशास्त्रात फार मोलाचा आहे. २०१५ साली 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा सामूहिक प्रकल्प प्रसिद्ध झाला. त्यात मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून बघितले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने दिसणं अवघड असा, निकाल होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत मिळाला, आणि परिणामाचा आकार सरासरी निम्म्यावर आला. म्हणून 'हा या विषयावरचा पहिलाच अभ्यास आहे' हे वाक्य मी बातमीच्या आकर्षणासाठी वापरत नाही. ती सावधगिरीची सूचना आहे आणि तशीच लिहिते.

सहभागींची ओळखही टिपणात ठळक हवी. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांतल्या माणसांवरून काढलेले आहेत, आणि त्यातही विद्यापीठातले विद्यार्थी फार. 'माणसं असं करतात' लिहिण्याआधी 'कोणती माणसं?' हे वाचकाला पहिल्या तीन वाक्यांत कळलं पाहिजे.

दाव्याचं माप ठरवणं

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीवर घालवते. एक उदाहरण घेऊन बघू. उदाहरण काल्पनिक आहे, पण असे अभ्यास रोज होतात. समजा, तुमच्या प्रयोगशाळेत १८० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी १४ दिवस फोनवर नोंदी केल्या. सकाळी, रात्री किती तास झोप झाली. संध्याकाळी, दिवसभरात किती चिडचिड झाली, ० ते १० या पट्टीवर. निघालं असं की नेहमीपेक्षा तासभर कमी झोप झालेल्या दिवशी चिडचिडीचा आकडा सरासरी ०.३ ने जास्त होता.

घाईत पहिला मथळा असा येतो: 'अपुऱ्या झोपेमुळे नाती बिघडतात'. नात्यांबद्दल कुणालाच काही विचारलं नव्हतं. 'नाती' हा शब्द संशोधकाच्या गप्पांतून आला, मोजमापातून नाही. तो गेला.

दुसरा मसुदा: 'अपुऱ्या झोपेमुळे चिडचिड वाढते'. हा बरा वाटतो आणि म्हणूनच जास्त धोक्याचा आहे. इथे अडचण 'मुळे' या दोन अक्षरांत आहे. परीक्षा जवळ आली की झोपही कमी होते आणि चिडचिडही वाढते. आदल्या दिवशीचं भांडण रात्रीची झोप उडवतं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यातही राहतं. विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं असतं, एका गटाला कमी झोपू दिलं असतं, तर 'मुळे' म्हणण्याची ताकद आली असती. इथे फक्त दोन गोष्टी सोबत चालताना दिसल्या. मराठीत कार्यकारणभाव फार अलगद शिरतो. 'मुळे' तर आहेच, पण 'झोपेने मूड सुधारतो' यातला 'ने', 'चिडचिड वाढवते', 'ताण घटवते' ही क्रियापदं, 'परिणाम', 'फायदा', 'दुष्परिणाम' हे शब्द, सगळे तेच काम करतात. मसुदा झाला की मी पेन घेऊन यांतल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारते आणि प्रत्येक रेघेपुढे पद्धतीचा पुरावा मागते. पुरावा नसेल तर 'सोबत दिसतं', 'संबंध आढळला', 'अशा दिवशी जास्त होतं' यावर भागवायचं.

तिसरा मसुदा: 'कमी झोपणारे विद्यार्थी जास्त चिडचिडे'. 'मुळे' गेलं, पण नवी चूक आली. अभ्यासात एका माणसाची दुसऱ्याशी तुलनाच केली नव्हती. प्रत्येकाच्या एका दिवसाची त्याच्याच इतर दिवसांशी केली होती. कायम सहा तास झोपणारी मुलगी कायम आठ तास झोपणाऱ्या मैत्रिणीपेक्षा शांत असू शकते, आणि तरी हा निष्कर्ष खरा राहतो. ही गफलत प्रसिद्धीपत्रकांत सारखी दिसते आणि शोधनिबंध नीट वाचलेल्या माणसाखेरीज ती कुणी पकडत नाही.

चौथा मसुदा मी पाठवला असता: 'नेहमीपेक्षा कमी झोप झालेल्या दिवशी विद्यार्थ्यांनी किंचित जास्त चिडचिड नोंदवली'. 'नेहमीपेक्षा' हा शब्द तुलना सांगतो, 'नोंदवली' मोजण्याची रीत सांगतो, 'किंचित' आकार सांगतो, 'विद्यार्थ्यांनी' कोण ते सांगतो. मजकुरात पुढे एक वाक्य: झोप तासाने कमी झाली तर दहाच्या पट्टीवर साधारण ०.३ गुणांचा फरक. मथळा वाचनीय राहिला आहे, आणि पत्रकाराने त्यातला कोणताही शब्द उचलला तरी प्रयोगशाळेला मान खाली घालावी लागणार नाही.

माप सुटलं की काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. १९९३ साली 'नेचर'मध्ये एक छोटा अभ्यास आला. महाविद्यालयात शिकणाऱ्या ३६ जणांनी मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकली आणि अवकाशीय तर्काच्या, म्हणजे आकार मनातल्या मनात हाताळण्याच्या, चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले. हा परिणाम १० ते १५ मिनिटंच टिकला. त्यात एकही बाळ नव्हतं. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीत पाठवण्यासाठी सरकारी पैसे मागितले. मधल्या पाच वर्षांत कुणी मोठं खोटं बोललं असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक टप्प्यावर एकेक शब्द गळाला. आधी 'अवकाशीय' गेला, मग 'दहा मिनिटं', मग 'विद्यार्थी'.

२१ दिवसांत सवय लागते, या समजुतीचंही असंच झालं. १९६० मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने आपल्या रुग्णांवरून 'किमान सुमारे २१ दिवस' असं लिहिलं होतं. 'किमान' आणि 'सुमारे' वाटेत पडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या १२ आठवड्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधता आला त्यांच्यात सवय अंगवळणी पडायचा मध्यक (निम्मे लोक ज्याच्या खाली, निम्मे वर असा मधला आकडा) ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. आता '६६ दिवसांत सवय लागते' असं फिरू लागलं आहे. तुम्ही लिहाल तेव्हा १८ आणि २५४ हे आकडेही सोबत द्या.

आकडे

'दुप्पट धोका' असं एकटं कधी लिहू नका. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो ७,००० बायकांत एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. जोखमीच्या आकड्यांवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर हे उदाहरण नेहमी देतात. 'इतक्या जणांत एक, आता इतक्या जणांत दोन' अशा रीतीने सांगितलं की वाचक स्वतः ठरवू शकतो.

परिणामाचा आकार सांगायचा असेल तर मी एक रूपांतर वापरते. संशोधक म्हणाले की दोन गटांतला फरक ०.२ प्रमाण विचलन (माणसामाणसांतल्या नेहमीच्या फरकाचं माप) एवढा आहे, तर त्याचा अर्थ असा: दोन्ही गटांतून एकेक माणूस डोळे मिटून उचलला, तर पहिल्या गटातला माणूस वरचढ निघण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ५६. फरक ०.५ असेल तर ६४, आणि ०.८ असेल तर ७१. काहीच फरक नसता तर हा आकडा ५० असता. '५० ऐवजी ५६' वाचल्यावर पालक मुलाला ताबडतोब नव्या क्लासला घालायला धावत नाही.

'लक्षणीय' या शब्दाला मी सामान्य वाचकांच्या मजकुरातून हद्दपार केलंय. संशोधकाच्या तोंडी त्याचा अर्थ तांत्रिक आहे, वाचकाच्या कानाला तो 'मोठा' असा ऐकू येतो. 'निव्वळ योगायोगाने असा फरक दिसणं अवघड आहे, पण फरक लहान आहे' असं सरळ लिहिता येतं.

शब्द

मानसशास्त्राचे शब्द रोजच्या बोलण्यात आधीच वापरात असतात, ही या क्षेत्राची खास पंचाईत. 'चिंता' म्हणजे परीक्षेची काळजीही आणि निदान होणारा विकारही. 'नैराश्य' म्हटलं की वाचकाला दोन दिवसांचं उदास वाटणंही आठवतं. अभ्यासात प्रश्नावलीवरचे गुण जास्त आले असतील तर 'नैराश्यग्रस्त विद्यार्थी' लिहायचं नाही, कारण निदान कुणी केलेलं नाही. 'नैराश्याची लक्षणं जास्त नोंदवणारे विद्यार्थी' असं लिहायचं. 'प्रयोग' हा शब्दही जपून वापरा. संशोधकाला तो साधा वाटतो, पण सहभागी माणसाच्या मनात 'आमच्यावर प्रयोग केला' असा सल राहतो. त्यांच्यासाठीच्या पत्रात मी 'अभ्यास' लिहिते. माणसाला आजाराच्या नावाने हाक मारायची नाही: 'स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती', 'स्किझोफ्रेनिक' नव्हे. काही समुदायांना स्वतःसाठी वेगळा शब्द पसंत असतो, तेव्हा त्यांनाच विचारा.

आपण सोपं लिहिलंय हे आपलं आपल्याला कळत नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना प्रसिद्ध गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांना गाणं ओळखायला. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. म्हणून मसुदा विषयाबाहेरच्या एका माणसाला द्या, वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि 'यात काय सांगितलंय?' असं विचारा. 'कळलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. ते जे सांगतील ती तुमची खरी बातमी.

आधी सहभागींना सांगा

पत्रकार, निधी देणाऱ्या संस्था, शिक्षक, इतर संशोधक असे पुष्कळ वाचक असतात. माझ्या मते पहिला मान सहभागींचा. त्यांनी वेळ दिला, स्वतःच्या आयुष्यातल्या नाजूक गोष्टी सांगितल्या आणि बहुतेक वेळा पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही. निकाल आले की एक पानाचं पत्र तयार करा. 'तुम्ही १४ दिवस रोज दोनदा नोंदी केल्यात. तुमच्यासारख्या १८० जणांच्या नोंदी एकत्र करून आम्हाला हे दिसलं. हे मात्र यातून कळत नाही. यावरून तुमच्या एकट्याच्या झोपेबद्दल काही निदान करता येत नाही. प्रश्न असेल तर यांना लिहा.' पत्र बातमीच्या आधी पोचलं पाहिजे. पाठवण्याआधी संमतीपत्रात त्यांना पुन्हा संपर्क करायची परवानगी आहे ना, ते तपासा.

संशोधनाला दिलेली संमती म्हणजे प्रसिद्धीला दिलेली संमती नव्हे. सहभागीचं बोलणं, फोटो, अगदी नाव बदलून सांगितलेली हकिगतसुद्धा वापरायची असेल तर वेगळी लेखी परवानगी घ्या. लहान गावातली, दुर्मीळ आजाराची व्यक्ती नाव बदललं तरी ओळखू येते.

फोटोंबाबत माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. ईईजीची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत नोंदवणारी, टोपी घातलेल्या माणसाचा छान फोटो काढला होता. टोपीतला माणूस आमच्याच प्रयोगशाळेतला, त्यामुळे मी निर्धास्त होते. फोटो वेबसाइटवर गेल्यावर एका विद्यार्थिनीने दाखवलं की मागच्या फळ्यावर त्या आठवड्यात येणाऱ्या सहभागींची आद्याक्षरं आणि वेळा लिहिलेल्या आहेत, आणि फोटो मोठा केला तर त्या वाचता येतात. फोटो त्याच मिनिटाला वेबसाइटवरून काढून टाकला, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगितलं आणि नीतिविषयक समितीला कळवलं. तेव्हापासून फोटो काढण्याआधी फळा पुसायचा, संगणकांचे पडदे बंद करायचे, टेबलावरचे कागद उचलायचे, आणि छापण्याआधी फोटो मोठा करून चारही कोपरे बघायचे हा नेम आहे. फोटोखाली 'प्रयोगशाळेतील सहकारी, प्रात्यक्षिक' असं लिहायचं.

चित्रांबद्दल आणखी एक. डोकं धरून बसलेली काळी आकृती मानसिक आजाराच्या प्रत्येक बातमीला चिकटवू नका. आणि मेंदूचं रंगीत चित्र लावलं की वाचक विश्वास ठेवतात, हे आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००८ च्या एका अभ्यासावरून ते आलं. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने सुमारे २,००० लोकांवर ते पुन्हा तपासलं तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. आपल्या कामाबद्दलच्या समजुतींनाही तोच नियम लावायचा जो संशोधकांना लावतो. आलेख टाकलात तर दृष्टिहीन वाचकांसाठी त्याचं शब्दांत वर्णन जोडा.

प्रसिद्धीपत्रक

अतिशयोक्ती पत्रकार करतात, अशी सोयीस्कर समजूत आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने २०१४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रकांची तपासणी प्रसिद्ध केली. ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला शोधनिबंधापेक्षा वाढवलेला होता, ३३ टक्क्यांत कार्यकारणभावाचा दावा. पत्रकात कार्यकारणभाव फुगवलेला असेल तर ८१ टक्के बातम्यांतही तो फुगलेला होता, पत्रकात नसेल तर फक्त १८ टक्क्यांत. आणि फुगवल्याने बातम्या जास्त आल्या असंही दिसलं नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी 'थोडं जोरदार करा' म्हटलं की हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. माझं काम त्याने अनेकदा सोपं केलंय.

शोधनिबंध स्वीकारला गेल्याचं कळताच नियतकालिकाकडे एम्बार्गोची तारीख आणि वेळ विचारा. त्या वेळेआधी पत्रकारांना मजकूर देता येतो, त्यांनी छापायचा नसतो. अभ्यास अजून इतर तज्ज्ञांच्या समीक्षेतून गेला नसेल आणि फक्त प्रीप्रिंट (समीक्षेआधीच ऑनलाइन ठेवलेला मसुदा) असेल तर ते पहिल्या परिच्छेदात लिहा, आणि आरोग्याशी संबंधित विषय असेल तर शक्यतो थांबाच.

संशोधकाचं अवतरण स्वतः रचू नका. पंधरा मिनिटं बोला, परवानगीने ध्वनिमुद्रण करा आणि त्यांच्याच तोंडचं वाक्य घ्या. मर्यादा तळाशी बारीक अक्षरांत टाकण्यापेक्षा एक महत्त्वाची मर्यादा संशोधकाच्या अवतरणातच ठेवा, पत्रकार अवतरण सहसा कापत नाहीत. मंजुरीसाठी मसुदा आधी पहिल्या लेखकाला, मग प्रमुखांना, मग इतर सहलेखकांना. 'बरं आहे का?' असं विचारलं की शैलीच्या दुरुस्त्या येतात. 'यातल्या कोणत्या वाक्याचा तुम्हाला जाहीर बचाव करता येणार नाही?' असं विचारा.

पत्रकाराचा फोन

त्यांची मुदत काय, आधी विचारा आणि ती पाळा. संशोधकाची तयारी करून घ्या: तीन वाक्यांत अभ्यास, आणि चार हमखास प्रश्नांची उत्तरं. माझ्या मुलाला हे लागू आहे का? लोकांनी आता काय करावं? तुम्ही स्वतः काय करता? पैसे कुणी दिले? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर 'या एका अभ्यासावरून काही बदलू नका' असंच असतं आणि ते बोलायचा सराव लागतो, कारण समोर माइक असला की सल्ला द्यावासा वाटतोच. प्रश्न विषयाबाहेर गेला तर 'हे माझं क्षेत्र नाही, या संशोधकांना विचारा' असं म्हणायला शिकवा. संपूर्ण लेख छपाईआधी दाखवा असा हट्ट धरू नका, बहुतेक संपादक ते मान्य करत नाहीत. अवतरणं आणि आकडे पडताळून देण्याची तयारी मात्र दाखवा.

आत्महत्या आणि मानसिक आजारांवरचं लिखाण

इथे स्वतःची शैली बाजूला ठेवा आणि जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून लिहा. मार्गाचं किंवा जागेचं वर्णन नाही, मथळ्यात भडकपणा नाही, एकच कारण चिकटवायचं नाही, आणि मदत कुठे मिळेल हे ठळक द्यायचं. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं. २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांना उलट बाजूही दिसली: संकटातून माणूस कसा सावरला याच्या बातम्यांचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी आढळला. म्हणून सावरलेल्या माणसांबद्दल लिहिणं हाही या कामाचा भाग आहे. असा मजकूर प्रसिद्ध केलात तर प्रतिक्रिया आणि पेटीत येणारे निरोप कोण वाचणार, रात्री कुणी मदत मागितली तर काय उत्तर द्यायचं, हे आधी लिहून ठेवा. तुम्ही समुपदेशक नाही. उत्तरात सहानुभूतीची दोन वाक्यं आणि प्रशिक्षित मदतीचा क्रमांक एवढं तरी तयार असावं.

हे काम मिळवायचं असेल तर

मानसशास्त्राची पदवी असली तर उत्तम, पण संख्याशास्त्राची भीती नसणं जास्त उपयोगी. अर्जासोबत एकच खुला शोधनिबंध घेऊन तो तीन वाचकांसाठी लिहून दाखवा: सहभागींना पत्र, पत्रकाराला ३०० शब्द, आणि शिक्षकांसाठी एक पान. सोबत, त्याच अभ्यासावर आलेल्या बातमीतल्या चुका दाखवणारं अर्धं पान. मुलाखतीत विचारून घ्या की मजकूर थांबवायचा अधिकार तुम्हाला असेल का, आणि प्रमुखांशी आठवड्यातून एकदा थेट बोलता येईल का. या दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तुमच्या हाती फक्त सजावट येईल.

प्रसिद्ध झाल्यानंतर

पहिल्या दोन दिवसांत आलेल्या प्रत्येक बातमीचा मथळा शोधनिबंधाशी ताडून बघा. चूक दिसली तर बातमीदाराला त्याच दिवशी, कुणाला दोष न देता, चुकीचं वाक्य आणि बरोबर वाक्य शेजारी-शेजारी ठेवून कळवा. ऑनलाइन बातम्या बऱ्याचदा तासाभरात दुरुस्त होतात. किती जणांनी पाहिलं हे मोजणं सोपं आहे, पण मी आणखी एक तक्ता ठेवते: किती बातम्यांत सहभागी कोण होते ते आलं, किती बातम्यांत 'मुळे' घुसलं. पुढचं पत्रक लिहिताना तो जास्त कामी येतो.

दर सहा महिन्यांनी जुनी पानं उघडा. दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच निकाल मिळाला नसेल, किंवा शोधनिबंधात दुरुस्ती आली असेल, तर पान गुपचूप काढून टाकू नका. सगळ्यात वर, तारखेसह, एक चौकट घाला: 'या निष्कर्षाची नंतर पुन्हा तपासणी झाली. त्यात असा परिणाम आढळला नाही.' पुढे नव्या अभ्यासाचा दुवा द्या. खालचा जुना मजकूर जसाच्या तसा ठेवा आणि पानाचा पत्ता बदलू नका, कारण शिक्षकांच्या टिपणांत आणि जुन्या बातम्यांत तोच पत्ता आहे आणि वाचणारा अजूनही तिथूनच येतो.